काकांचं नाव अजून बंद आहे

मार्लो पॉइंट, ११ एप्रिल

आपल्याच समुद्रातून आपलंच जेवण आणलं म्हणून ज्यांच्या नावापुढे सरकारी वहीत ‘चोर’ लिहिलं गेलं, अशा या किनाऱ्यावरच्या माझ्या सगळ्या माणसांनो,

बघितलंस? पत्र एकट्या तुला आहे आणि मी सभा भरवून बसले. चाळीस वर्षांची खोड आहे, जात नाही. पण लिहिलंय ते खोटं नाही. त्या वहीत आपल्या बाबांचं नाव आहे, तुझं आहे, आणि गेल्या महिन्यात माझ्या कर्टिसचंही चढलं. तेव्हा ही सभा घरातलीच समज.

लायल, चौदा वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. तूही लिहिल्या नाहीस. एका आईची पोरं आपण, हट्टात कुणी कमी नाही. तो विषय पुढे कधीतरी. आज कामाचं लिहिते.

काका गेले. अठरा मार्चला, घरीच, खिडकीशी खुर्ची लावून. नाव लिहीत नाही, तुला कळलं असेल. बाबांच्या पिढीतलं ते शेवटचं माणूस होतं.

जायच्या दोन दिवस आधी त्यांनी कर्टिसला जवळ बोलावलं. आवाज गेला होता, पण जीभ शाबूत होती. म्हणाले, “मी गेलो की लोकांना सॉसेज खायला घालून वाटेला लावू नका रे. आयुष्यभर सभांमधून तुझ्या आईचे सॉसेज खाल्लेत मी. मटणशिंपले आण, खडकाला चिकटलेले ते मोठे. पोटभर आण. लोक लांबून येतील.”

बावीस तारखेला सकाळी कर्टिस त्या जागी गेला. कुठली ते लिहीत नाही. आता ती दोघांनाच माहीत आहे, त्याला आणि तुला. त्रेसष्ट शिंपले काढले. लहान एकही नाही, ज्या पट्टीनं खडकावरून उचकटतो तीच प्रत्येकावर ठेवून माप बघितलं होतं, तू शिकवलंस तसं. पोती घेऊन वर आला तर गाडीजवळ मासेमारी खात्याचे दोघं फिशरीजवाले उभे. पुढचं कर्टिसनं सांगितलं तसंच लिहिते.

“किती आहेत?”

“त्रेसष्ट.”

“माणशी दोन. म्हणजे बत्तीस माणसं पाहिजेत. बाकीचे एकतीस कुठायत?”

“घरी. आणि एकतीस नाहीत, एकशे चाळीस आहेत. वाट बघतायत.”

त्यातला एक हसला म्हणे. वाईट नव्हता. त्यानं विचारलं, “काय, लग्न आहे?”

“माती आहे.”

“कुणाची?”

इथं आपला पोरगा गप्प झाला.

“अरे, कोण गेलं? नाव सांग. लिहितो मी.”

गप्प.

“बरं, इतके काढायला सांगितलं कुणी?”

त्यालाही तेच उत्तर होतं, म्हणून त्यालाही गप्प. कागदावर लिहिलं गेलं, ‘कारण सांगण्यास नकार.’ त्रेसष्ट शिंपले, पट्टी, पाण्यातला मुखवटा, पायातले पोहायचे पंखे आणि गाडी, सगळं जप्त.

हॅलम नावाची वकीलबाई आहे, फुकट लढते, वयानं पोरगीच आहे. तिला मी समजावलं. तुला समजावायला नको. पण इतकी वर्षं तू कोरड्या मुलखात आहेस, म्हणून तेच शब्द तुझ्यासाठीही लिहिते. आपल्या घरात माणूस गेलं की त्याचं नाव बंद होतं. मातीच्या जेवणासाठी एकच माणूस पाण्यात उतरतो आणि सगळ्यांसाठी काढतो. जेवण झालं की रिकामे शिंपले त्यानंच जिथले तिथे नेऊन ठेवायचे. ते तळाला टेकले की नाव उघडतं. मग पोरांना ते नाव ठेवा, शिव्या द्या, गाण्यात घाला. तोवर नाही.

हॅलम लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, “पण मावशी, शिंपले तर पुरावा म्हणून त्यांच्या फ्रीझरमध्ये आहेत. खटला संपेपर्यंत ते देणार नाहीत.”

“बरोबर.”

“आणि शिंपले परत जाईपर्यंत कर्टिस नाव घेणार नाही.”

“बरोबर.”

“आणि नाव घेतल्याशिवाय मी खटला लढू कसा?”

मी म्हटलं, “आता तुला गोरे आल्यापासूनचे आमचे दोनशे वर्षांचे प्रश्न कळायला लागले.” ती हसली नाही. मग मीही नाही.

आधीचे दोन दंड आहेत त्याच्या नावावर. या वेळी तुरुंग आहे. म्हणून लिहिते आहे.

तुझी बहीण,
डल्सी


मार्लो पॉइंट, ५ मे

लायल,

पत्र पोचलं हे मला माहीत आहे. कोबारच्या तुझ्या कॅरव्हान पार्कच्या मालकिणीला मी फोन केला होता. तिनं सांगितलं, “त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.” मी विचारलं, काही बोलला? तर म्हणाली, “अहो, ते भाड्याशिवाय कधी काही बोलतात का?” तू बदलला नाहीस.

मातीचं मागे लिहायचं राहिलं. ती त्याच बावीस तारखेला झाली. लोक खरंच लांबून आले, दोन बस भरून. आणि आम्ही त्यांना काय खायला घातलं असेल? सॉसेज. गावातल्या दुकानातले होते तेवढे सगळे उचलले. प्रत्येक जण पाव हातात घेऊन त्या खिडकीतल्या खुर्चीकडे बघत होता. आपल्या म्हाताऱ्या बर्थानं तर मोठ्यांदा माफी मागितली, “म्हाताऱ्या, रागावू नकोस, सरकारनं तुझं ताट नेलं.”

तारीख पडली आहे, १० जून. आता नीट वाच.

एक मोठा कायदा आहे, सगळ्या देशाचा. तो म्हणतो की रूढीप्रमाणे, घरासाठी किंवा विधीसाठी समुद्रातून घेतलं तर आपल्या, म्हणजे इथल्या मूळ लोकांना परवाना लागत नाही. ऐकायला गोड आहे. फक्त रूढी होती हे दाखवायचं काम आपलं. काकांच्या मृत्यूचा दाखला हॅलमनं लावला आहे. सरकारी वकिलाचं उत्तर तयार आहे. माणूस मेला हे मान्य. पण हे शिंपले त्याच्यासाठी होते कशावरून? तसं असतं तर मुलानं तेव्हाच सांगितलं असतं. आणि मातीच्या जेवणात शिंपले होते कुठे? तुमच्याच दुकानदाराची पावती आहे, सॉसेजची.

आमचं ताट त्यांनी नेलं, आणि आता ताट रिकामं होतं हाच पुरावा!

तारीख घ्यायला गेलो तेव्हा त्या वकिलाच्या टेबलावर फिशरीजचा एक फॉर्म होता. मी तो उलटा वाचला, सभांमध्ये शिकले ती विद्या. मासेमारी कोणत्या प्रकारची? दोनच चौकटी, हौशी आणि व्यावसायिक. सुट्टीत बोट घेऊन येणारा दाताचा डॉक्टर पहिल्या चौकटीत बसतो. जहाजभर माल परदेशी धाडणारा दुसऱ्या. आणि दहा हजार वर्षं इथं जेवणारा माणूस? त्याला कुठली चौकट? ज्या शिंपल्याला यांचे आजे कुत्र्याचं खाणं म्हणून नाक मुरडत होते, आपल्या आईला बसमध्ये त्याच्या वासावरून उठवत होते, तो महाग झाला त्या दिवशी आपण चोर झालो. आपल्यासाठी म्हणून केलेलं एक कलम मंजूर होऊन इतकी वर्षं कपाटात पडलं आहे, लागू करायला कुणाला वेळ झाला नाही. लायल, माझ्या अंगाची आग होते.

असो. आगीनं पोरगा सुटत नाही. साक्षीदारानं सुटेल.

साक्षीदार कोण? कर्टिसला पाण्यात कुणी नेलं? तू. तुला कुणी नेलं? काकांनी. एकानं सगळ्यांसाठी काढायचं, शिंपले परत ठेवायचे, नाव तोवर बंद, हे पाण्याच्या आत जाऊन करणारा आणि जिवंत असलेला माणूस आता एकच आहे. तो तिथं जमिनीखाली तांबं खणतो. कोर्टाला काही काकांचं नाव घेऊन सांगायची गरज नाही. रीत सांगायची, बस.

तू येशील. मला माहीत आहे तू येशील. त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोलले ते रागात बोलले होते. ते मनात धरून भाच्याला वाऱ्यावर सोडणारा तू नाहीस.

डल्सी

ता. क. तुझी खोली तशीच आहे. छत थोडं गळतं.


मार्लो पॉइंट, २४ मे

लायल,

आज पुन्हा मालकिणीला फोन केला. म्हणाली, दुसरं पत्रही खिशात. “एक विचारू?” म्हणाली, “तुम्ही त्यांना असं काय लिहिता? वाचल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत.”

मी फोन ठेवला आणि माझंच पत्र आठवून बघितलं. ‘रागात बोलले होते.’ वा! चाळीस वर्षं सरकारच्या निवेदनांमधली पळवाट शोधत आले, आणि माझ्या पत्रातली मला दिसली नाही.

तर आता लिहिते. सभेशिवाय.

चौदा वर्षांपूर्वी त्या शनिवारी हॉलमध्ये शहरातून पाहुणे येणार होते. मंत्र्याचा सचिव, वर्तमानपत्राची बाई, विद्यापीठातले दोघं. शुक्रवारी मी तुला म्हटलं, वीसबावीस नकोत, पन्नास आण. पाहुण्यांना एकदा कळू दे समुद्र कुणाचा आहे ते.

तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतं. “ताई, कुणी गेलेलं नाही. कुणाचं लग्न नाही. मिरवायला इतके काढत नाहीत.”

मी म्हटलं, “हे राजकारण आहे. तुला पाण्याखालचं कळतं, वरचं मला कळतं.”

तू गेलास. पन्नास काढलेस आणि पकडला गेलास.

आम्ही किती खूष झालो होतो, लायल! आता होऊ दे खटला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊ. पैसे जमले, वकील ठरला. आणि तू कोर्टात उभा राहून अकरा मिनिटांत म्हणालास, “गुन्हा कबूल.” बाकी एक अक्षर नाही.

पुढच्या सभेत मी व्यासपीठावरून म्हटलं, “ज्याला लढायचं नाही, त्यानं आमच्या पाण्यात उतरू नये.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मागच्या दाराशी ताटली घेऊन उभा होतास. ताटली खुर्चीवर ठेवलीस आणि गेलास.

मी सगळ्यांना सांगत आले की लायल घाबरला. तू लढला असतास तर पहिला प्रश्न हाच आला असता, की हे पन्नास कुणाच्या मातीचे, कुणाच्या लग्नाचे? आणि उत्तर होतं, माझ्या बहिणीच्या पाहुण्यांचे. माझं नाव जाऊ नये म्हणून तू गप्प बसलास. आणि आणखी एक. तू त्यांच्या कायद्यापुढे मान खाली घातलीच नव्हतीस. आपली रीत माझ्यासाठी मोडलीस, ती तुला टोचत होती. गुन्हा तू आपल्या कायद्याचा कबूल केलास. त्या कोर्टात तो समजणारी एकटी मी बसले होते.

हे मला चौदा वर्षांनी कळलं असं लिहिणार होते. खोटं आहे. त्याच दिवशी कळलं होतं.

आता हेही कळतं की तू का येत नाहीस. पिंजऱ्यात उभा राहिलास की सरकारी वकील जुना कागद काढेल. तुम्हाला शिक्षा झाली होती ना? ते पन्नास कुणासाठी होते? मग तुला खोटं बोलावं लागेल, नाहीतर माझं नाव घ्यावं लागेल.

घे. लायल, माझं नाव घे. मी मेलेली नाही, माझं नाव बंद नाही. मोठ्यानं घे, शुद्धलेखनासकट घे. वर्तमानपत्रात येऊ दे, हॉलमध्ये माझा फोटो आहे तो उतरवू देत. हरकत नाही. कर्टिस आत जाता कामा नये, इतकंच माझं उरलं आहे.

१० जून, सकाळी दहा. बसची वेळ मालकिणीला सांगून ठेवली आहे.

डल्स


मार्लो पॉइंट, ११ जून

लायल,

नऊ महिने.

काल सकाळी आठपासून मी कोर्टाच्या पायरीवर उभी होते. पहिली बस आली. दुसरी आली. बर्था माझ्याशेजारी उभी राहून प्रत्येक उतरणाऱ्याकडे बघून म्हणत होती, “हा नाही. हाही नाही. हा तर बिचारा पोस्टमन.” शेवटी हॅलम बाहेर आली आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेली.

तू नाहीस म्हटल्यावर साक्षीला मी. मला काय, बोलायलाच पाहिजे होतं. रीत सांगितली, आजीपासून सांगितली, इतकी चांगली सांगितली की मॅजिस्ट्रेटनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकले.

मग सरकारी वकील उठला. तरुण आहे, नम्र आहे, अशांची मला जास्त भीती वाटते.

“मावशी म्हटलं तर चालेल ना? मावशी, तुम्ही स्वतः शिंपले काढायला पाण्याखाली किती वेळा गेला आहात?”

“मी घरची थोरली. मी—”

“किती वेळा?”

“एकदाही नाही.”

“म्हणजे हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आपल्यातलंच कुणीतरी. मला आवाज ओळखता आला असता, मी ओळखला नाही.

“बरं. मग तुमच्या मुलाला इतके शिंपले काढायला नेमकं कुणी सांगितलं?”

मी ठरवून गेले होते, लायल. घरात आरशापुढे तोंड उघडून बघितलं होतं. काकांचं नाव घ्यायचं. पाप लागलं तर मला लागू दे, म्हातारी आहे, किती दिवस वागवणार? तोंड उघडलं. समोर कर्टिस उभा होता. त्यानं फक्त मान हलवली. लहानपणी गरम चुलीकडे हात नेला की मी त्याला हलवायची ना, तशी.

मी तोंड मिटलं. चाळीस वर्षांत कुणाला ते मिटवता आलं नव्हतं, आणि मिटलं ते नेमकं तिथं.

मॅजिस्ट्रेट वाईट बोलला नाही. म्हणाला, दुःख समजतो, पण माझ्यापुढे जे आलं नाही त्यावर मला निकाल देता येत नाही. आधीचे दंड, संख्या, मौन. मग त्यानं कर्टिसला विचारलं, “शेवटी काही सांगायचं आहे?”

“शिंपले परत द्या.”

“मांस नष्ट केलं आहे.”

“रिकामेच पाहिजेत.”

मॅजिस्ट्रेटनं सरकारी वकिलाकडे बघितलं, त्यानं फिशरीजवाल्याकडे. तो म्हणाला, रिकाम्या शिंपल्यांचं आम्ही काय करणार, साहेब? कचऱ्यातच जातील. मग तसा आदेश झाला. कर्टिस हसला. नऊ महिन्यांची शिक्षा ऐकून माझा मुलगा हसला, आणि पोलिसाला वाटलं उर्मट आहे.

घरी आले तर दारात तुझं पार्सल. फडक्यात गुंडाळलेली पट्टी. ट्रकच्या पाट्यातून काकांनी घासून बनवलेली, मुठीला दोरा. कर्टिसचीही तिच्यावरूनच केलेली. आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुझं ते मांजरीच्या पायासारखं अक्षर:

‘पत्र मिळालं. तुझं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आता काय घेणार. पिंजऱ्यात मला बोलता येत नाही. ही दाखव. जमलं नाही.’

जमलं नाही म्हणजे काय? येणं? की चौदा वर्षं?

पट्टी मांडीवर घेऊन बसले आहे. कोर्टात दाखव म्हणतोस. एका दिवसानं उशीर झाला. आणि वेळेवर आली असती तरी तो तरुण वकील म्हणाला असता, हे तर हत्यार आहे. मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. चहा गार होईपर्यंत केला. जमलं नाही, तू म्हणतोस तसंच.

डल्स


मार्लो पॉइंट, २३ जून

लायल,

शिंपले आले. फिशरीजवाल्यानं स्वतः आणून दिले, तोच, ‘लग्न आहे का’ विचारणारा. पांढऱ्या पोत्यात, प्रत्येकाला पुराव्याचा कागदी नंबर दोऱ्यानं बांधलेला. एक ते त्रेसष्ट. दारात तो जरा घुटमळला. म्हणाला, “मावशी, मला खरंच माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, “विचारलंस ना तू. उत्तर ऐकायला थांबला नाहीस, इतकंच.”

परवा कर्टिसला भेटून आले. तीन तास जायला, तीन यायला, मध्ये चाळीस मिनिटं. बारीक झाला आहे. मी हॅलमचा निरोप सांगितला. अपील १६ जुलैला आहे. वरचं न्यायालय सहसा नवीन साक्ष घेत नाही, परवानगी मागावी लागते, मिळेल असं काही नाही. पण मागायला तरी कर्टिसनं आधी सगळं लिहून द्यायला पाहिजे, नावासकट. तो म्हणाला, “आई, शिंपले खाली गेले की मी त्याच दिवशी लिहून देतो. हवं तर भिंतीवर लिहितो. नाव उघडलं की मला काय अडचण आहे?”

“पण नेणार कोण?”

“मामा. मी आत आहे, तेव्हा मला पाण्यात नेणाऱ्याचा हात तो माझाच हात.”

“तो येत नाही.”

“तू त्याला काय करायला बोलावत होतीस?”

“साक्ष द्यायला.”

“म्हणजे बोलायला.” मान खाली घालून तो हसत होता. “आई, मामाला कधी बोलायला बोलावतात का?”

लायल, तारखेआधी मी तीन पत्रं लिहिली, तिन्ही पत्रांत मी तुला माझ्या जागी उभा करत होते. व्यासपीठावर. तुझ्या जागी यायला मी तुला एकदाही सांगितलं नाही.

बर्थाचे नातू म्हणाले, मावशी, धक्क्यावरून टाकून देऊ की, समुद्र तोच. मी त्यांना हाकललं. ती कचऱ्याची रीत झाली. जिथले तिथेच ठेवायचे, हातानं, तळाला.

मग मी एक मूर्खपणा केला. हसलास तर हस. काल सकाळी शिंपल्यांचं पोतं पाठीला बांधलं आणि पाण्यात उतरले. मनात म्हटलं, जागा माहीत नाही तर नाही, निदान जवळपास. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. कमरेला आलं तशी एक लाट आली आणि मी आडवी. आणि लायल, जे तुला आणि आईलाच माहीत होतं ते सांगते. मला अजून पोहता येत नाही. बारा वर्षांची असताना बुडता बुडता वाचले, तू मला केसांनी धरून ओढलंस, त्यानंतर मी पाण्यात गेले नाही. समुद्र आमचा, समुद्र आमचा म्हणून इतकी वर्षं माईक धरून ओरडले, आणि त्या समुद्रात मी कमरेच्या वर कधी उभी राहिले नाही.

गळ टाकून बसलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्यानं ओढून काढलं. डोक्यावर हौशी क्लबची टोपी. मला वाळूवर बसवलं, पोत्यात डोकावला आणि म्हणाला, “बाई, बाई! इतके? फिशरीजवाल्यांनी बघितलं तर आत टाकतील.”

मी खोकत खोकत म्हटलं, “आणत नाहीये. परत देतेय.”

तो विचारात पडला. टोपी काढून डोकं खाजवलं. “त्याला परवाना लागतो का?”

“अजून तरी निघालेला नाही.”

एकही शिंपला गेला नाही, मी मोजले. त्रेसष्ट. कागदी नंबर ओले होऊन गळून पडले, तेवढं बरं झालं.

आता ते परसात वाळत घातले आहेत. आतली बाजू वर केली आहे, उन्हात सगळं परस निळंहिरवं दिसतं. खिडकीतली खुर्ची मी अजून हलवलेली नाही. घरात कुणी काकांविषयी बोलायला लागलं की नावाच्या जागी थांबतं, आणि मग सगळेच थांबतात. तीन महिने झाले. एखाद्या माणसानं दारात उभं राहावं आणि कुणी त्याला आत ये म्हणू नये, तसं वाटतं.

मी भाषण करणार नाही. साक्ष मागणार नाही. त्या जुन्या दिवसाबद्दल माफी मागून झाली की नाही मला माहीत नाही; नसेल तर ती पाण्याच्या काठावर मागेन, तू वर आल्यावर. तू पाण्यात असताना मी बोलणार नाही. मुखवटा आणि पंखे बर्थाच्या नातवाचे घेऊन ठेवले आहेत. पट्टी लागणार नाही.

५ जुलैला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ओहोटी आहे. त्याच्या आदल्या दिवशीच्या बसनं ये. कुणाशी बोलू नकोस, माझ्याशीसुद्धा नको. परसातले शिंपले उचल, आणि जिथले आहेत तिथे नेऊन ठेव.

डल्स